वंशावळीचा शोध : जुन्या वह्यांच्या साक्षीने

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वर्षात, म्हणजे १९७५ साली, आपल्या संस्थेची स्थापना झाली. आज तिला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेत गावातील जुन्या घराण्यांच्या वंशावळी छापाव्यात असे विश्वस्त मंडळाने ठरविले, आणि आमच्या घराण्याची वंशावळ तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. ती कशी तयार झाली, हे आज आपल्यापुढे मांडावे, अशी मंडळाची आज्ञा आहे. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि त्यानंतर चाळीस वर्षे कापडाच्या दुकानाच्या गादीवर बसलो. वही वाचता येणे आणि जमा-खर्चाचा मेळ घालता येणे, एवढीच माझी पात्रता. दोन संध्याकाळी बसून वंशावळ पूर्ण होईल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात जवळजवळ दोन वर्षे लागली.

आमच्या घरात लहानपणापासून तीन वाक्ये कानावर पडत असत. पहिले, खापरपणजोबा संवत १९११ मध्ये मारवाडातून केवळ लोटा आणि दोरी घेऊन या मुलखात आले. दुसरे, संवत एकतीसच्या साली दुकानाला आग लागली, सर्व वह्या जळाल्या, तरीही त्यांनी कोणाचा पैसा बुडविला नाही. आणि तिसरे वाक्य माझे वडील अखेरपर्यंत खंतावून बोलत : कूळकायद्यात आपली अकरा एकर जमीन गेली. या तिन्ही वाक्यांच्या आधारे मी वंशावळीची प्रस्तावनासुद्धा मनात लिहून ठेवली होती. पुढे कागदपत्रे हाती आली तसतसे पहिले वाक्य टिकले. उरलेल्या दोहोंचे काय झाले, तेच आज सांगावयाचे आहे.

आरंभ घरातील वृद्धांपासून केला. वृद्धांना साल विचारले तर सांगता येत नाही, प्रसंग विचारला तर सांगता येतो. म्हणून मी विचारीत गेलो : हे लग्न छपन्याच्या दुष्काळाच्या आधीचे की नंतरचे? हा मृत्यू प्लेगातला की मानमोडीतला? संवत १९५६ चा दुष्काळ म्हणजे इसवी सन १८९९-१९००. आपल्या भागातील प्लेगचा पहिला मोठा तडाखा १८९७ च्या आसपासचा. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. या तीन खुंट्यांवर आमच्या घराण्यातील निम्म्याहून अधिक घटना टांगता आल्या. ज्यांना आपल्या घराची वंशावळ करावयाची आहे, त्यांनी कागदाच्या मागे धावण्यापूर्वी हे काम करावे. कागद थांबतात, वृद्ध थांबत नाहीत.

त्यानंतर मारवाड गाठले. आपल्या ओसवाल घराण्यांच्या पिढ्या तिकडील भाटांच्या वहीत नोंदलेल्या असतात, हे आपणांस ठाऊक आहेच. भाटजींनी आदराने वही उघडली आणि आमच्या गोत्राच्या सात पिढ्या वाचून दाखविल्या. मन भरून आले. मात्र दोन गोष्टी लक्षात आल्या. वहीत मुलगे होते, लेकी नव्हत्या. सुनांच्या ठिकाणी बहुतेक वेळा केवळ त्यांच्या माहेरचे गोत्र होते. दुसरी गोष्ट अशी की, माझ्या पणजोबांचा जन्म तेथे संवत १९३२, भादवा सुद असा होता, तर आमच्या घरच्या टिपणात तोच जन्म संवत १९३१ चा होता. एका वर्षाचा हा फरक पाहून मी प्रथम भाटजींची चूक धरली. चूक माझीच होती. उत्तरेत विक्रम संवत दिवाळीपूर्वीच बदललेले असते. गुजरातेत व आपल्या इकडच्या पेढ्यांवर ते दिवाळीनंतर, कार्तिकात बदलते. त्यामुळे भाद्रपदात घडलेली एकच घटना तिकडे १९३२ ची आणि इकडे १९३१ ची ठरते. दोन्हींचा अर्थ इसवी सन १८७५. वद्य पक्षातील तिथी असेल तर महिन्याचे नावही बदलते, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. सरकारी कागदात याशिवाय फसली सन असतो. त्यात ५९० मिळवावे म्हणजे त्या फसली वर्षाचा आरंभ ज्या इसवी सनात झाला तो मिळतो. तीन पंचांगांचा मेळ घातल्यावाचून वंशावळीचा मेळ बसत नाही, हा पहिला धडा.

त्यानंतर तहसील कचेरीतील अभिलेख कक्ष. कोतवाल बुकातील, म्हणजे गाव नमुना चौदामधील जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचे जनरल रजिस्टर, जुन्या मोजणीची शेतवार पत्रके आणि १९०३ च्या हक्कनोंदणीच्या कायद्यानंतरचे फेरफार, एवढ्या ठिकाणी आमचा माग लागला. जुने मराठी कागद मोडी लिपीत आहेत. मी वयाच्या बासष्टाव्या वर्षी मोडीचा वर्ग लावला. नातवंडे हसली; परंतु दुसऱ्याने वाचून सांगितलेला कागद आणि स्वतः वाचलेला कागद यांत उधारी आणि रोखीइतके अंतर असते.

सर्वांत शेवटी मी आमच्याच माळ्यावर चढलो. खरे तर आरंभ तेथूनच व्हावयास हवा होता. लाल कापडात बांधलेली वह्यांची बासने तेथे तीन पिढ्या पडून होती. दरवर्षी दिवाळीला एकाला हळद-कुंकू लागत असे, पण आत कोणी पाहात नसे. त्या वह्या महाजनी लिपीत आहेत. या लिपीला काना-मात्रा नाहीत. 'काकाजी अजमेर गये' असे लिहिलेले पत्र 'काकाजी आज मर गये' असे वाचून घरात रडारड झाल्याची गोष्ट आपल्या समाजात सर्वांनी ऐकलेली आहे. ती गोष्ट विनोदाची असली तरी मला तिचा प्रत्यक्ष अनुभव आला. एकेका नावावर मी आठ-आठ दिवस अडलो.

सर्वांत जुने बासन उघडले, तेव्हा पहिल्याच वहीच्या पहिल्या पानावर मथळा होता : 'याद खतांची, जेठ सुद २, संवत १९३१.' खाली सत्तेचाळीस नावे होती. प्रत्येक नावापुढे 'बिन' लिहून बापाचे नाव, गाव, आणि अंदाजे रक्कम. काही रकमांपुढे खापरपणजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते, 'यादीवरून', म्हणजे आठवणीवरून. वह्या आगीत गेल्यावर येणे आठवून लिहून काढलेली ही यादी, हे उघड होते. दुकानाला लागलेल्या आगीचा पुरावा मिळाला म्हणून मी आनंदलो. परंतु एक शंका मनात राहिली. दुकानाला आग लागली असती तर प्रथम मालाची यादी झाली असती, धान्याची, गुळाची, कापडाची. त्या वहीत मालाचे नुकसान एका ओळीचेही नव्हते. जळाली होती ती केवळ खते.

जेठ सुद, संवत १९३१ म्हणजे जून १८७५. ही तारीख घेऊन मी कॅम्पबेलसाहेबांच्या वेळी निघालेले पुणे व अहमदनगर जिल्ह्यांचे गॅझेटिअर उघडले, आणि उत्तर समोर आले. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे भोवतालच्या खेड्यांतील शेतकरी एकत्र जमले, त्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि वह्या व कर्जरोखे हिसकावून जाळले. तेथून हे लोण आपल्या जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत आले. दोन्ही जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत असे प्रकार झाले. लष्कर आणावे लागले, सुमारे ९५० माणसे पकडली गेली आणि त्यांतील अनेकांना शिक्षा झाल्या. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, सावकारांच्या जिवावर उठण्याचे प्रकार फार थोडे झाले. बहुतेक ठिकाणी रोखे दिले की जमाव परतत असे. त्यांना कागद हवे होते.

म्हणजे आमच्या दुकानाला आग लागली नव्हती. आमच्या खतांना ती लावली गेली होती. दीडशे वर्षांत एक शब्द हळूच बदलला आणि आमचे घराणे एका दुर्दैवी अपघाताचे धनी ठरले.

असे का घडले असावे, हे समजून घेण्याचा मी प्रयत्न केला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, इकडील कापसाला सोन्याचा भाव आला आणि शेतकऱ्याला हवे तेवढे कर्ज मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज मात्र राहिले. त्यातच १८६७ पासून नव्या मोजणीने शेतसारा वाढला, आणि तो रोखीत भरावयाचा होता. जुन्या रूढीप्रमाणे दामदुपटीपेक्षा अधिक, म्हणजे मुदलाहून जास्त व्याज घेऊ नये, असा संकेत होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा होता. परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी व्याज मुदलात मिळवून नवे खत लिहून घेण्याची प्रथा पडली. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगापुढे शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज आकारल्याचे उदाहरण आले होते. पुढे १८७९ मध्ये 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट' हा कायदा झाला. त्याने खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयाला दिला.

एवढे वाचल्यावरही माझ्या मनाची समजूत अशी होती की, हे सारे इतरांचे झाले. आमचे खापरपणजोबा तसे नसावेत. माणसाचे मन आपल्या पूर्वजांसाठी नेहमी वेगळी वही ठेवते. परंतु त्याच बासनात एक पुडके निघाले. ते दंग्याच्या वेळी नगरच्या वकिलाकडे होते, म्हणून वाचले. त्यात एक मोडी खत आणि एका दाव्याचा हुकूमनामा होता. संवत १९२० मधील साठ रुपयांचे कर्ज, व्याज दरमहा दरशेकडा दोन रुपये. तीन वर्षांनी नवे खत झाले, रुपये १०३. आणखी तीन वर्षांनी, संवत १९२६ मध्ये, रुपये १७७. त्या रकमेवर दावा, हुकूमनामा, आणि अकरा एकरांच्या एका सर्व्हे नंबरावर आमचे नाव. मी सवयीने आकडे पुन्हा मांडून पाहिले. हिशेब पैपर्यंत बरोबर होता. दोष बेरजेत नव्हता. दामदुपटीची मर्यादा पाळली असती तर ती रक्कम एकशे वीसवर थांबली असती.

खताच्या शेवटी त्या शेतकऱ्याची सही नव्हती. तो लिहिता येणारा नव्हता. तेथे एक लहानसा नांगर काढलेला होता आणि शेजारी लिहिणाऱ्याने लिहिले होते, 'निशाणी नांगर'. जुन्या कागदांत शेतकऱ्याची निशाणी नांगर, व्यापाऱ्याची तराजू, स्त्रियांची बांगडी अशी पद्धत होती. ज्या नांगराने तो ते रान कसत होता, त्याच नांगराच्या निशाणीने त्याने ते रान आम्हांला लिहून दिले. तो कागद हातात धरून मी बराच वेळ माळ्यावर बसून होतो.

आता तिसऱ्या वाक्याकडे येतो. तो सर्व्हे नंबर घेऊन मी पुढचे फेरफार लावले. जमीन आमच्या नावावर चढली तरी कसणारा तोच राहिला. मालकाचा कूळ झाला. त्याच्या मागे त्याचा मुलगा, नातू. १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. त्या दिवशी ज्याचे नाव लागले, तो निशाणी नांगर करणाऱ्याचा पणतू होता. म्हणजे वडील ज्या जमिनीसाठी जन्मभर हळहळले, ती जमीन आमची सत्त्याऐंशी वर्षांची होती. त्यापूर्वी ती ज्यांची होती, त्यांच्याकडेच ती परतली. वडिलांनी असत्य सांगितले नाही. त्यांना वहीचे शेवटचे पान ठाऊक होते, पहिले नव्हते.

हे सर्व मी घरात मांडले, तेव्हा माझ्या वडील चुलतबंधूंनी कळकळीने सांगितले, 'आपल्याच हाताने आपल्या घराण्याला डाग का लावतोस? स्मरणिका घरोघर जाईल. मुलांच्या सोयरिकी व्हायच्या आहेत. नावे छाप, बाकीचे राहू दे.' त्यांचे म्हणणे मी हलके मानले नाही. आपल्या समाजाने या मुलखात शाळा, दवाखाने, पांजरपोळ उभे केले. दुष्काळात धान्य वाटले. तेही तितकेच खरे आहे. सावकारी काही एकट्या आपल्या समाजाने केली असेही नाही. गावोगावचा लहान सावकार स्वतः शहरातील मोठ्या पेढीचा ऋणको असे. एका खतावरून एका माणसाचा निवाडा करू नये, एका माणसावरून समाजाचा तर मुळीच करू नये. हे सारे मान्य आहे.

तथापि मी त्यांना एकच प्रश्न विचारला. प्रतिक्रमणात आपण बारा व्रतांचे अतिचार आठवतो. सत्याच्या अणुव्रतात कूटलेखाचा अतिचार आहे, अचौर्याच्या अणुव्रतात खोट्या वजन-मापाचा आहे. पाचवे व्रत तर परिग्रहाच्या मर्यादेचेच आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी हे अतिचार सांगणाऱ्यांना ठाऊक होते की, श्रावकाचा हात तलवारीपेक्षा लेखणीने अधिक घसरतो. आपण संवत्सरीला चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींची क्षमा मागतो. ज्यांची नावे, बापाची नावे आणि गावे आपल्या माळ्यावरच्या वहीत लिहिलेली आहेत, त्यांचे काय? आलोचना करताना आठवलेला दोष लपविला तर ती आलोचना राहात नाही. वंशावळ हीसुद्धा एक प्रकारची आलोचनाच आहे, असे मला वाटू लागले आहे. बंधू काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'छापण्यापूर्वी त्या घरच्या माणसाला भेट. त्याच्या घराची गोष्ट त्याला न विचारता छापू नकोस.' हा सल्ला माझ्या विचारांहून अधिक शहाणपणाचा होता.

त्या घराण्यातील वडीलधारे गृहस्थ मला अपरिचित नव्हते. त्यांच्या घरच्या तीन लग्नांचा बस्ता आमच्याच दुकानात बांधला गेला आहे. गेल्या पर्युषणानंतर मी त्यांच्या वस्तीवर गेलो. खताची प्रत आणि याद पुढे ठेवली, सर्व वाचून दाखविले आणि क्षमा मागितली. ते बराच वेळ त्या नांगराकडे पाहात राहिले. मग म्हणाले, 'शेटजी, आमच्या घरात येवढंच ठावं व्हतं, बंडात एक म्हातारा आत गेला व्हता. सहा महिनं. त्याचं नाव कुणालाच ठावं न्हवतं.' यादीतील एकविसाव्या ओळीवर ते नाव होते, 'बिन' पुढे त्याच्या बापाचे नाव होते, आणि खतात त्याच्या मयत थोरल्या भावाचेही. त्यांच्या घराला ठाऊक असलेल्या पिढ्यांच्या मागे आणखी दोन पिढ्या आमच्या वहीत सापडल्या. ते म्हणाले, 'म्हंजी आमची म्हातारी माणसं तुमच्या चोपडीत निजली व्हती म्हणायची.'

मी जमिनीचा विषय काढला. तेव्हा ते म्हणाले, 'माझा बाप म्हणायचा, सत्तावन साली रान माघारी आलं.' माझे वडील म्हणत, सत्तावन साली जमीन गेली. एकच रान, एकच साल, आणि दोन घरांत दोन वाक्ये. त्यांच्या घरात आणखी एक गोष्ट सांगितली जाते : म्हातारा दर सुगीला सावकाराच्या घरी धान्य घालीत असे, ते कधी खात्यात जमा झाले नाही. ते खरे की खोटे, हे खातेवहीच सांगू शकली असती. आणि ती तर जळाली. रोखे जाळताना भरण्याचा पुरावाही जळाला, हे दोन्ही घरांचे दुर्दैव. निघताना ते म्हणाले, 'माफी मागायला आन् द्यायला तव्हा तुमीबी नव्हता, मीबी नव्हतो. पण नाव आणून दिलं, ही लई मोठी गोष्ट. त्या नांगराची येक झेरॉक्स तेवढी द्या.' ती मी दिली, आणि हा मजकूर छापण्यास त्यांची संमती घेतली. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे नाव येथे दिलेले नाही.

आता त्या वर्षातील आणखी एक नोंद सांगतो. संवत १९३१ च्या भाद्रपदात रोजमेळात लिहिले आहे, 'सुईणीस लुगडे १.' हा माझ्या पणजोबांचा जन्म. खते जळाली त्या दिवशी खापरपणजी सहा महिन्यांच्या गरोदर होत्या, हे या एका ओळीने मला प्रथम कळले. दंग्यापूर्वी, डिसेंबर १८७४ मध्ये, शिरूर तालुक्यातील करडे गावाने तेथील सावकारावर बहिष्कार घातला होता. न्हावी, पाणक्या, नोकर कोणीही त्याच्या दारी जात नसे. आमच्या गावात मात्र दंग्यानंतर तीन महिन्यांत सुईण आमच्या दारी आली. गावाने कागद जाळले, पण येणाऱ्या जिवाला आडकाठी केली नाही. आज माझे घराणे आहे ते त्या अनाम सुईणीच्या हातून. तिचे नाव वहीत नाही, केवळ लुगडे आहे. कापडाचा व्यापारी असूनही त्या एका लुगड्याची किंमत मला मांडता आलेली नाही.

खापरपणजींचे नावही भाटांच्या वहीत नव्हते. ते सापडले खर्चाच्या वहीत, त्यांच्या अठाईच्या तपस्येनिमित्त झालेल्या प्रभावनेच्या खर्चात. लेकींची नावे मिळाली ती मायऱ्याच्या आणि माहेरपणाच्या खर्चात. अशा रीतीने आमच्या तक्त्यात चौदा स्त्रियांची नावे परत आली. हा तक्ता याच स्मरणिकेत अन्यत्र छापला आहे, आणि त्यात मुलांप्रमाणेच लेकी व सुना नावाने आहेत.

बंधु-भगिनींनो, समारोप करण्यापूर्वी तीन विनंत्या करतो.

पहिली विनंती वह्यांविषयी. घर बांधताना, वाटण्या होताना जुन्या वह्या रद्दीत जातात किंवा पाण्यात सोडल्या जातात. कृपा करून असे करू नका. त्यांना प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, ओल धरते. मांजरपाटात बांधा, परंतु कोऱ्या मांजरपाटाची खळ आधी दोनदा धुऊन काढा. कसर खळीला लागते आणि तेथून कागदाकडे वळते. एवढे ज्ञान माझ्या धंद्याने मला दिले आहे.

दुसरी विनंती महाजनी व मोडी लिपींविषयी. महाजनी वाचणारी माणसे आपल्या तालुक्यात आता बोटांवर मोजण्याइतकी आहेत. संस्थेच्या सभागृहात रविवारी एक तास या लिपींचा वर्ग चालावा. मी शिकलो आहे तेवढे शिकविण्यास तयार आहे.

तिसरी विनंती सर्वांत महत्त्वाची. ज्यांना पिढ्यांचे भाट नाहीत, ज्यांच्या घरी लिहिलेला कागद नाही, अशा भोवतालच्या अनेक गावांतील घराण्यांची नावे आपल्या वह्यांत आहेत. आपल्याला वाटते, त्या वह्यांत आपले येणे लिहिलेले आहे. मला आता वाटते, त्यांत आपले देणे लिहिलेले आहे. आमच्या यादीत सत्तेचाळीस नावे आहेत. एक घर मी गाठले, सेहेचाळीस उरली आहेत. आमची सर्व बासने मी संस्थेच्या वाचनालयाकडे सोपवीत आहे. कोणत्याही गावचा, कोणत्याही समाजाचा माणूस आपल्या पणजोबाचे नाव शोधीत आला, तर त्याला ती पाहू द्यावीत, एवढीच अट मी घातली आहे, आणि विश्वस्त मंडळाने ती आनंदाने मान्य केली आहे. माझ्या वडील चुलतबंधूंनी त्या दानपत्रावर पहिली सही केली, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो.

वंशावळ लिहावयास घेतली तेव्हा मला पूर्वजांचा अभिमान वाढवावयाचा होता. तो कमी झाला असे मी म्हणणार नाही. लोटा-दोरी घेऊन अनोळखी मुलखात आलेल्या, वह्या जळाल्यावरही त्याच गावात त्याच ओसरीवर पुन्हा दुकान मांडणाऱ्या त्या माणसाविषयी माझ्या मनात आदर आहे. पण आता मी त्यांना अधिक ओळखतो, आणि ओळखीच्या माणसाचे गुण-दोष दोन्ही आपल्याला आपले वाटतात.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असेल, कोणाचे मन दुखावले असेल, जिनाज्ञेविरुद्ध काही उच्चारले गेले असेल, तर मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.